यामाहा आरएक्स १०० ला ड्रॅगसाठी (सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी) २८ मिमीचा कार्ब (कार्ब्युरेटर) बसवला तरी गाडी खालच्या आरपीएमला का अडखळते? कार्बमधून जास्त हवा कशी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गाडी आरएक्स १००, राहायला ऐरोलीत, पोर्टिंग (सिलिंडरमधल्या वाटा कोरणं) झालंय, एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट) लागलाय. मूळचा २० मिमीचा कार्ब काढून २८ चा बसवला. आता खालच्या आरपीएमला गाडी भडभडते, वर गेल्यावर बरी ओढते, पण ४०२ मीटरचा (ड्रॅगचं पाव मैलाचं अंतर) वेळ काही कमी होत नाही. आणि आता कुणीतरी सांगतोय की त्याच कार्बला लेथवर बोअर मारून ३० करून घ्या.

तो बोअर आधी थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला टू-स्ट्रोक गाड्यांचं काम करतो आणि तुमच्यासारखी गाडी महिन्यातून एखादी तरी येतेच. जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात एकच गोष्ट असते, भोक मोठं केलं की हवा जास्त जाणार. पण कार्ब हवा आत ढकलत नाही. हवा ओढतं ते इंजिन. त्या ओढीवर पेट्रोल मोजून सोडणं एवढंच कार्बचं काम, आणि ते तो हवेच्या वेगावर करतो. वेग वाढला की गळ्यातला दाब उतरतो, दाब उतरला की जेटमधून (पेट्रोल मोजणाऱ्या बारीक भोकातून) पेट्रोल वर चढतं. वेग गेला की हे सगळंच ढिलं पडतं.

आता आकडे बघा. तुमचं इंजिन ९८ सीसी. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेरीला एकदा श्वास घेतं. ९००० आरपीएमला सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असं धरलं, तर मिनिटाला सुमारे ८८० लिटर हवा होते. एवढी हवा २० मिमीच्या भोकातून जाताना सरासरी वेग सेकंदाला ४७ मीटर येतो. २४ मिमीला साडेबत्तीस, २८ ला चोवीस. प्रत्यक्षात हवा धक्क्याधक्क्याने जाते, त्यामुळे त्या क्षणाचा वेग याच्यापेक्षा बराच जास्त असतो, पण तुलनेला हे पुरेसं आहे. पेट्रोल ओढणारा दाब वेगाच्या वर्गावर चालतो. म्हणजे तितकीच हवा जात असताना २८ च्या कार्बमध्ये पेट्रोलला मिळणारी ओढ २० च्या कार्बच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतकी राहते. ४००० आरपीएमला तर २८ मधला सरासरी वेग अकरा मीटरसुद्धा नाही. पेट्रोल नीट उडतच नाही, थेंबाथेंबाने भिंतीला चिकटत आत जातं. तुमची गाडी भडभडते ती यामुळे. ३० केलात तर हाच आजार वाढेल, शिवाय गळ्याचा आकार आणि स्लाइडची (थ्रॉटलने वर-खाली होणाऱ्या झडपेची) बैठक बिघडली की तो कार्ब पुन्हा जागेवर आणता येत नाही.

अमेरिकेतल्या ड्रॅगच्या गाड्या बघून हा समज होतो, असं मला वाटतं. तिकडच्या प्रो स्टॉक वर्गात ५०० क्यूबिक इंचाच्या इंजिनावर दोन-दोन होली डॉमिनेटर कार्ब असायचे. एकेक चार गळ्यांचा, मिनिटाला हजार घनफुटांच्या वर हवा देणारा. २०१६ पासून त्या वर्गात फ्युएल इंजेक्शन आलं, पण तोवर वर्षानुवर्षं हेच चाललं. मात्र ते इंजिन सुरुवातीच्या रेषेवरच सहा-सात हजारांच्या वर असतं आणि शेवटपर्यंत खाली येत नाही. त्याला खालच्या आरपीएमशी देणंघेणं नाही. तुमची गाडी चार गिअरची. पहिल्यावरून दुसरा टाकला की आरपीएम धाडकन खाली येतो आणि तिथेच २८ चा कार्ब तुम्हाला सोडून देतो. वेळ तिथे जातोय.

म्हणून माझं मत: २४ बसवा. एक्झॉस्ट आणि पोर्ट खरोखर ड्रॅगच्याच मापाचे असतील आणि आरपीएम वर धरून क्लचवर सुटायची सवय असेल तर २६. त्यापुढे ९८ सीसीला नको.

हवा खरी वाढते ती कार्बच्या अलीकडे आणि पलीकडे.

अलीकडे म्हणजे तोंडाशी. नुसत्या कापलेल्या पाइपाच्या धारदार कडेवरून हवा आत वळताना भिंतीपासून सुटते आणि भोक आहे त्याहून लहान झाल्यासारखं वागतं. धारदार कडेला वेगदाबाचा साधारण निम्मा हिस्सा वाया जातो. नीट गोल तोंड असेल तर तोच तोटा पाच टक्क्यांच्या आत येतो. गोलाईची त्रिज्या व्यासाच्या पाचव्या हिश्श्याइतकी असली तरी पुरते, म्हणजे २४ ला पाच मिमी. लेथवर ॲल्युमिनियमचा कर्णा (कार्बला लावायचं गोल, पसरट तोंड) तासून घ्या, पण एक गोष्ट जपा. कार्बच्या तोंडात खालच्या बाजूला बारीक भोकं असतात, ती पायलट (आयडलिंगच्या) आणि मेन (पूर्ण थ्रॉटलच्या) जेटच्या हवेची. मागे कळव्याच्या एका मुलाने सुंदर चकचकीत कर्णा करून आणला होता आणि गाडी धूर ओकत होती. तीन वेळा जेट बदलूनही फरक नाही. कर्णा काढून उलटा धरला तर त्याच्या कडेवर दोन काळे गोल ठिपके उमटलेले. दोन्ही भोकं बंद झाली होती. कानशीने तेवढ्यापुरती खाच केली आणि गाडी सुधारली.

पलीकडे म्हणजे मॅनिफोल्ड (कार्ब आणि इंजिनामधला जोडपाइप) आणि रीड (हवा एकाच दिशेने आत सोडणारी पाकळ्यांची झडप). कार्ब काढा, मॅनिफोल्डच्या तोंडाला मार्किंग ब्लू (छाप उमटवणारा निळा रंग) लावा, कार्ब बसवून हलकेच दाबा आणि पुन्हा काढा. छाप बघून पायरी कुठे आहे ते कळतं. हवेच्या वाटेत समोर उभी राहणारी दीड मिमीची पायरीसुद्धा घातक. मोठा कार्ब जुन्या मॅनिफोल्डवर ओढूनताणून चढवला असेल तर पायरी असणारच. ती काढा, उतार लांब ठेवा. आरशासारखं पॉलिश मात्र करू नका. इनलेटला थोडा खरखरीतपणा चांगला, १२० च्या एमरीवर थांबा. रीडच्या पाकळ्यांची टोकं तुटली आहेत का, बसल्यावर उजेड दिसतो का, तेही बघा. रबरी जोडाला चीर असेल तर हवा भलत्याच वाटेने आत येते. आयडलिंगला जोडावर कार्ब क्लीनर मारून आवाज बदलला तर चीर आहे समजा.

फरक पडला की नाही हे अंदाजाने ठरवू नका, मोजता येतं. मी करतो ते सांगतो. एक घट्ट लाकडी पेटी, तिला तीन भोकं. एकावर कार्ब, इंजिनकडची बाजू पेटीला आणि स्लाइड पूर्ण वर बांधलेली. दुसऱ्यात व्हॅक्यूम क्लीनरची नळी. तिसऱ्यात पारदर्शक नळी, इंग्रजी यू सारखी वाकवून अर्धी पाण्याने भरलेली, शेजारी पट्टी. सगळे जोड एम-सीलने बंद. क्लीनर लावला की नळीच्या दोन बाजूंतल्या पाण्यात फरक पडतो. त्यावर खूण करा. मग कर्णा लावा. फरक कमी झाला तर कार्ब कमी अडवतोय, वाढला तर कर्णा चुकला. पहिल्यांदा केलं तेव्हा १०० मिमीच्या आसपासचा फरक नुसत्या तोंडाच्या गोलाईने आठ-दहा मिमीने उतरला होता. दोनशे रुपयांच्या सामानात मला एवढं दुसऱ्या कशानेच शिकवलेलं नाही.

आता सावधगिरी, आणि ही मनापासून. हवा वाढवली की पेट्रोल वाढवायलाच हवं. मी एकदा कर्णा लावून जेट तसाच ठेवला आणि पूर्ण थ्रॉटलवर तिसऱ्या गिअरमध्ये पिस्टन सीझ झाला (तापून सिलिंडरमध्ये अडकला). मागचं चाक जाम, क्लच दाबायला अर्धा सेकंदही मिळाला नाही. पडलो नाही हे नशीब. तेव्हापासून कुठलाही बदल केला की मेन जेट आधी दोन नंबर मोठा टाकतो आणि मग एकेक खाली येतो. नवा प्लग लावायचा, पूर्ण थ्रॉटलवर ओढायची, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचं आणि पोर्सेलिनचा आतला, मुळाशी असलेला रंग बघायचा. पांढरा असेल तर तिथेच थांबा. पेट्रोलचा कॉकही (टाकीची तोटी) तपासा. तुमच्या इंजिनाला पूर्ण जोरावर मिनिटाला शंभर-सव्वाशे मिली पेट्रोल लागतं. नळी काढून मापात धरा, त्याच्या दुप्पट तरी आलं पाहिजे.

कार्ब सिलिंडरच्या पाठीमागे असल्यामुळे तापलेली हवा पितो. हवा दहा अंशांनी तापली की तीन टक्के विरळ होते. मधे बेकलाइटचा स्पेसर आणि एक पातळ पत्र्याची आड, एवढं पुरतं.

अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पळवणार असाल तर आणखी एक. लोणावळ्याचा तो पट्टा ६०० मीटरच्या वर आहे, हवेचा दाब ठाण्यापेक्षा सहा-सात टक्के कमी. पण डिसेंबरच्या पहाटे तिथे १५ अंश असतील आणि तुम्ही जेट ठाण्यात दुपारच्या ३२ अंशांत बसवला असेल, तर थंडीमुळे पाच-साडेपाच टक्के घट्टपणा परत मिळतो. म्हणून पहाटेच्या फेरीला ठाण्याचाच जेट जवळपास चालतो आणि दुपारी तोच जेट रिच होतो, म्हणजे पेट्रोल जास्त सोडतो. दोन लहान नंबर खिशात ठेवा. आणि हे सगळं ट्रायलला म्हणून पाम बीच रोडवर किंवा घोडबंदरला रात्री करू नका. सीझ झालेलं चाक रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसालाही घेऊन जातं.

सध्या एवढं करा: २८ उतरवून ठेवा, २४ गोल तोंडाने बसवा, मॅनिफोल्डची पायरी काढा, जेट मोठा टाका. मग प्लगचा रंग आणि जेटचा नंबर इथे लिहा, नीडलची (स्लाइडला लटकणाऱ्या सुईची) खाच कुठे ठेवायची ते त्यावरून सांगतो.