वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल काउंटीत नोकरी: सही करण्याआधी काय तपासायचं?

प्रश्न: माझा मुलगा पेन्सिल्व्हेनियात जे-वन या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करतोय. ती 30 जूनला संपेल. वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल काउंटीतून त्याला तीन वर्षांच्या नोकरीची ऑफर आली आहे. माहिती काढली तर अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब भागांत तिचं नाव येतं. सूनबाई सध्या नोकरी करतात. जूनमध्ये धाकट्या मुलीचं लग्नही काढलं आहे. त्याने होकार द्यावा का? – एक पालक, लातूर

नमस्कार,

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण तेवढ्यावरून नकार देऊ नका. जे-वनवर शिकलेल्या डॉक्टरला शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. ही अट माफ करून घ्यायची, तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं, आठवड्याला 40 तास काम करण्याचा करार करावा लागतो. कॉनराड-30 योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला अशा 30 जागा मिळतात. म्हणजे काउंटीची दैना आहे म्हणूनच ही जागा निघाली आहे. खरी काळजी करायची ती दोन गोष्टींची: करार करणारी संस्था तीन वर्षं तग धरेल का, आणि राहायला घर कुठे मिळेल.

आकाराने ही काउंटी आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी, सुमारे 1,385 चौरस किलोमीटर. 1950 साली इथे 98,887 माणसं होती, 2020 च्या जनगणनेत उरली 19,111. खाणीत यंत्रं आली तशी माणसं कमी झाली, पुढे 1980 च्या दशकात पोलाद उद्योगाच्या मंदीत इथल्या गॅरी गावच्या मोठ्या खाणी बंद पडल्या आणि कामाच्या वयातली पिढी निघून गेली. गरिबांना किराण्यासाठी सरकारी कूपनं देणाऱ्या ‘फूड स्टॅम्प’च्या पथदर्शी योजनेची पहिली कूपनं 29 मे 1961 रोजी इथेच दिली गेली. किंबॉल गावातलं वॉलमार्टचं मोठं दुकानही 2016 मध्ये बंद झालं. खाणकाम पूर्ण थांबलेलं नाही. पोलादासाठी लागणारा उत्तम प्रतीचा कोळसा अजून निघतो, पण त्याला माणसं थोडी लागतात.

आकडे बघताना एक सांभाळा. इथे फेडरल तुरुंग आहे, आणि जनगणनेत कैदी तुरुंगाच्याच पत्त्यावर मोजतात. तेव्हा लोकसंख्येत हजाराच्या वर माणसं अशी आहेत की जी ना बाजारात येतात, ना मुलाच्या दवाखान्यात. शिवाय 65 हजारांपेक्षा लहान काउंटीचे उत्पन्नाचे आकडे पाच वर्षांच्या पाहणीची सरासरी असतात. एका वर्षाचा चढउतार त्यात दिसत नाही. ढोबळ चित्र मात्र पक्कं आहे: कुटुंबाचं मध्यम उत्पन्न देशाच्या निम्म्याहून कमी, आणि तीनात साधारण एक माणूस दारिद्र्यरेषेखाली.

याचा पगाराशी थेट संबंध आहे. खाजगी विमा असलेले पेशंट इथे थोडे. बहुतेकांचं बिल मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी विमा) किंवा मेडिकेड (गरिबांचा सरकारी विमा) भागवतं. जुलै 2025 मध्ये झालेल्या कायद्याने मेडिकेडला कात्री लावली आहे, आणि त्याची झळ अशा भागातल्या रुग्णालयांना आधी बसते. म्हणून मुलाने पहिला प्रश्न विचारावा तो मालक कोण, हा. केंद्राच्या अनुदानावर चालणारं सामुदायिक आरोग्य केंद्र असेल तर पाया बराच भक्कम. त्यांना मेडिकेडचा दर वेगळा मिळतो, आणि डॉक्टरवरच्या दाव्यांची जबाबदारी बहुतेक ठिकाणी केंद्र सरकार घेतं. रुग्णालय असेल तर गेल्या तीन वर्षांचे हिशेब मागावेत, किती डॉक्टर आले नि किती गेले हे विचारावं, आणि नोकरी सुटल्यावर येणाऱ्या जुन्या दाव्यांचा विमा, ज्याला तिथे टेल कव्हरेज म्हणतात, कोण भरणार हे करारात लिहून घ्यावं. समजा संस्था बंदच पडली, तर उरलेली मुदत दुसऱ्या टंचाईग्रस्त जागी पूर्ण करता येते. पण त्यासाठी नवा मालक नि नवे कागद लागतात, आणि घड्याळ चालू असतं.

कामाच्या जागेचा पूर्ण पत्ता करारात हवाच. टंचाईचा शिक्का आज त्या पत्त्याला लागू आहे का, हे आरोग्य संसाधन खात्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहता येतं. ‘आसपासच्या शाखांमध्ये’ असं मोघम लिहिलं असेल तर सही करू नये.

घराबाबत मी जास्त आग्रही आहे. कागदावर घरं स्वस्त दिसतात, पण भाड्याने राहण्याजोगं घर मिळणं अवघड. शिक्षकांना राहायला जागा नाही म्हणून त्यांच्या संघटनेला पुढाकार घेऊन वेल्च या काउंटीच्या मुख्य गावात अपार्टमेंटची इमारत उभारावी लागली, यावरून ओळखा. सपाट जमीन फक्त नदी-ओढ्यांच्या काठाला, त्यामुळे गावं अरुंद दरीत लांबट वसलेली. टग फोर्क आणि एल्कहॉर्न क्रीकचा संगम वेल्चमध्येच होतो. 2001, 2002 आणि फेब्रुवारी 2025 मध्ये इथे मोठे पूर आले. तेव्हा पाहायला जाताना भिंतीवरची ओल आणि पाण्याची जुनी रेघ बघा, फेमा या केंद्रीय आपत्ती खात्याच्या पूरनकाशात पत्ता तपासा. साध्या गृहविम्यात पूर येत नाही. पुराचा सरकारी विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो बहुधा 30 दिवसांनी लागू होतो. नळाचं पाणी कुठून येतं, गेल्या वर्षात ‘उकळून प्या’ अशा सूचना किती वेळा निघाल्या, हे शेजाऱ्यांना विचारा. खाणकंपन्यांनी टाकलेल्या जुन्या पाणीयोजना बऱ्याच ठिकाणी जीर्ण झाल्या आहेत. मोठ्या खरेदीला ब्लूफील्ड किंवा प्रिन्स्टन, वळणावळणाच्या रस्त्याने तासभर. गाड्या दोन लागतील.

कामाचा अनुभव मात्र मोठा मिळेल. मधुमेह, फुप्फुसाचे जुनाट आजार, कोळशाच्या धुळीने खाणकामगारांना होणारा फुप्फुसाचा आजार म्हणजे ब्लॅक लंग, ओपिऑइड (अफूसारख्या वेदनाशामक औषधांचं) व्यसन, हे सगळं रोज समोर येईल. ब्लॅक लंगच्या भरपाईसाठी छातीचा एक्स-रे, फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी आणि धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी लागते. ते कागद नीट करणारा डॉक्टर त्या कुटुंबांना किती हवा असतो, याची कल्पना शहरात येत नाही. मोठा स्पेशालिस्ट हाताशी नसतो, तेव्हा हेलिकॉप्टरने किंवा रस्त्याने पेशंट हलवायची सोय काय, रात्री कॉलवर किती डॉक्टर, हे आधीच विचारलेलं बरं.

सूनबाईंची गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहिलीत, पण ती सगळ्यात नाजूक आहे. जे-वनवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या जे-टू व्हिसावर परवाना काढून काम करता येतं. माफीनंतर मुलगा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेला की त्या एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर जातील, आणि मुलाच्या ग्रीन कार्डाचा आय-140 अर्ज मंजूर होईपर्यंत त्यांना नोकरी करता येणार नाही. म्हणून आय-140 रुजू झाल्यावर किती महिन्यांत भरणार, हे मालकाकडून लेखी घ्या. पुढे ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी लांब आहेच, पण हा टप्पा लवकर गाठता येतो. त्यांना स्वतःचं एच-वन-बी मिळण्याजोगी पात्रता असेल तर तोही मार्ग चाचपून बघा.

आता लग्न. माफीचा अर्ज राज्याच्या आरोग्य खात्याकडून परराष्ट्र खात्याकडे आणि तिथून इमिग्रेशनकडे जातो, मगच एच-वन-बीचा अर्ज. माफी मिळाल्यापासून 90 दिवसांत रुजू व्हावं लागतं. म्हणजे मे-जूनमध्ये बहुधा व्हिसा बदलण्याचा अर्ज विचाराधीन असेल. त्या काळात देश सोडला तर तो बदल सोडून दिल्यासारखं धरतात आणि एच-वन-बी मुंबईतून शिक्का मारून घ्यावं लागतं. त्यात सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं आहे. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारावं. ऑफर पटली असेल तर लग्नाची तारीख बदला, किंवा जूनमध्ये भाऊ येणार नाही हे धाकटीला आत्ताच सांगा.