रिबिडपाशीच घोडं का अडतं?

यावेळी ब्रिजबद्दल आलेली बरीचशी पत्रं एकाच ठिकाणी येऊन थांबतात. ओपनिंग, म्हणजे पहिली बिड (बोली), जमतं, पार्टनरचं उत्तर कळतं, आणि आपली दुसरी पाळी आली की बिडिंग बॉक्सवर, म्हणजे बोलीची कार्डं ठेवलेल्या डब्यावर, हात तसाच राहतो. म्हणून हे सगळं पान रिबिडलाच, म्हणजे या दुसऱ्या बिडलाच, दिलंय. तुम्ही पाच पानी मेजर खेळता, म्हणजे इस्पिक किंवा बदाम पाच पानं असली तरच उघडता, आणि १ नोट्रम्पचं (हुकुमाशिवाय खेळायचं) ओपनिंग १५ ते १७ पॉइंटचं (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आहे असं मी धरून चाललोय. जे जुने ॲकॉल या ब्रिटिश पद्धतीचे खेळाडू १२ ते १४ वर १ नोट्रम्प उघडतात त्यांनी नोट्रम्पचे आकडे आपल्या पद्धतीप्रमाणे बदलून घ्यावेत.

प्रश्न (नाशिकहून एक ताई): मी आणि आमचे हे दोघं मिळून खेळतो. माझ्याकडे इस्पिक ७ ४, बदाम राजा गुलाम ८ ५, चौकट एक्का राणी ९ ६ ३, किलवर राजा ५ अशी पानं होती. मी १ चौकट उघडली, हे १ इस्पिक म्हणाले, मी २ बदाम म्हटलं. यांनी थेट ३ नोट्रम्प मारलं आणि आम्ही तीन डाउन गेलो, म्हणजे तीन हात कमी पडले, व्हल्नरेबल होतो (तेव्हा दंड जास्त असतो) म्हणजे ३०० गेले. घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही. माझ्याकडे चौकट होती, बदाम होते, जे होतं तेच मी सांगितलं, मग माझं चुकलं कुठे?

उत्तर: ताई, पानं तुम्ही खरीच सांगितलीत, पण प्रत्येक बिडमध्ये दोन गोष्टी पार्टनरकडे जातात, कोणत्या रंगाची किती पानं आहेत ते आणि हातात ताकद किती आहे ते. तुमच्या २ बदाममधून पानं बरोबर गेली, ताकद मात्र चार पॉइंटनी जास्त गेली. तुम्ही जी बिड केलीत तिला रिव्हर्स म्हणतात आणि तिला साधारण १७ पॉइंट लागतात. तुमच्याकडे १३ होते. यांच्याकडे तुम्ही कळवल्याप्रमाणे ९ होते, त्यांनी १७ आणि ९ अशी २६ची बेरीज केली आणि गेमला, म्हणजे मोठा बोनस मिळवून देणाऱ्या बिडला, गेले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो, तेव्हा त्यांच्यावरचा राग सोडा.

हा १७चा आकडा कुणी उगाच ठरवलेला नाही. समजा यांच्याकडे ६च पॉइंट आहेत आणि त्यांना तुमच्या दोन रंगांपैकी चौकट बरी वाटते. तुम्ही २ किलवर म्हटलं असतं तर ते २ चौकट म्हणून तिथेच थांबू शकले असते. २ बदामवर मात्र चौकटीत परत यायचं तर ३ चौकट म्हणावी लागते, म्हणजे सहा अधिक तीन असे नऊ हात करायला निघालो. १३ आणि ६ मिळून १९, गड्डीत ४० पॉइंट असतात, निम्मीसुद्धा ताकद आपल्याकडे नाही आणि नऊ हात! पार्टनरला जबरदस्तीने तिसऱ्या मजल्यावर चढवायचं असेल तर तो भार उचलण्याएवढी पानं आपल्याकडे पाहिजेत, बाकी या नियमात काही नाही.

मी शिकवताना उंबरठा असा शब्द वापरतो. आपण उघडलेला रंग दोनच्या लेव्हलला नेला की तो आपला उंबरठा. १ चौकट उघडली तर २ चौकट हा उंबरठा, त्याच्या खालचं सगळं म्हणजे १ नोट्रम्प, २ किलवर, हे १२-१३ पॉइंटवर खुशाल म्हणा, पण त्याच्या वरचा नवा रंग म्हटला की पार्टनर समजणार की हिच्याकडे भरपूर आहे. रंगांची चढण तर तुम्हाला पाठच आहे, किलवर, चौकट, बदाम, इस्पिक.

मग तुमच्या पानांवर काय म्हणायचं होतं, तर १ नोट्रम्प. त्याचा अर्थ १२ ते १४ पॉइंट, साधारण बॅलन्स्ड पानं, म्हणजे चारही रंगांत बऱ्यापैकी वाटलेली. ९ पॉइंटवर ते एकतर पास म्हणाले असते किंवा २ इस्पिकवर थांबले असते, आणि नुकसान झालंच असतं तरी थोडक्यात आटोपलं असतं. आता तुमच्या मनात येणार की माझे चार बदाम वाया गेले. नाही गेले. पार्टनरकडे चार बदाम आणि चार इस्पिक असते तर तो खालून वर येतो, आधी १ बदाम म्हणतो. तो १ इस्पिक म्हणाला म्हणजे एकतर त्याच्याकडे चार बदाम नाहीत, किंवा असलेच तर इस्पिक त्याहून लांब आहेत, आणि मग तुमच्या १ नोट्रम्पवर तो स्वतःच २ बदाम म्हणेल. म्हणजे बदामाचा फिट (दोघांची मिळून पुरेशी पानं) असेल तर तो सापडतोच, तुम्हाला धावत जाऊन शोधायची गरज नाही.

अजून एक, आणि हे मला सगळ्यांनाच सांगायचंय. दुसरी बिड पहिलीच्या आधी ठरवायची. १ चौकटचं कार्ड काढण्याआधी मनात विचारा, हे १ बदाम म्हणाले तर? तर २ बदाम, चार पानांचा सपोर्ट आहे. १ इस्पिक म्हणाले तर? तर १ नोट्रम्प. एवढं झालं की मगच कार्ड टेबलावर. नाहीतर आपली पाळी आल्यावर बॉक्सवर बोटं फिरत राहतात, एक कार्ड अर्धं वर येतं, परत आत जातं, आणि ते टेबलावरच्या तिघांनाही दिसतं. त्यावरून पार्टनरने काही ओळखून बिड करणं नियमात बसत नाही, त्यामुळे तो बिचारा जास्तच अडचणीत येतो, कारण योग्य बिड केली तरी समोरचे डायरेक्टरला, म्हणजे पंचाला, बोलावू शकतात.

प्रश्न (पुण्यातला एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): काका, आम्ही होस्टेलवर चौघं जेवण झालं की खेळतो, नाहीतर ऑनलाइन. माझी पानं इस्पिक एक्का ८ ५, बदाम राजा राणी ७ ६ ३, चौकट ४, किलवर एक्का ९ ६ २. मी १ बदाम, पार्टनर १ इस्पिक, मी २ बदाम, सगळे पास. पार्टनरकडे बदामाचं एकच पान निघालं आणि इस्पिक पाच. दोन डाउन. पाच बदाम होते म्हणून परत म्हटले, एवढंच.

उत्तर: अरे, पाच बदाम आहेत हे तू १ बदाम उघडलंस तेव्हाच सांगून झालं होतं. तोच रंग परत म्हटलास की पार्टनर सहा पानं धरतो. सहावं पान नसेल तर आधी बाकीचं सगळं बघून घे आणि काहीच बसत नसेल तरच तिकडे वळ.

तुझ्यापुढे दोन चांगले रस्ते होते, २ किलवर आणि २ इस्पिक. यात खेळणाऱ्यांची दोन मतं आहेत, तीन पानांवर सपोर्ट द्यायचाच नाही असं मानणारे अनेकजण आहेत आणि ते २ किलवर म्हणतील, त्यात चूक काही नाही. मी मात्र २ इस्पिक म्हणेन. तुझ्याकडे चौकटीचं एकच पान आहे आणि इस्पिकचा एक्का आहे. २ किलवर म्हटलंस आणि पार्टनरकडे ६-७ पॉइंट असले तर तो पास तरी करेल किंवा दोन पानांवर २ बदामला तरी परत येईल, आणि पाच-तीनचा इस्पिक फिट कुणालाच दिसणार नाही. बरं, समज त्याच्याकडे चारच इस्पिक निघाले, तरी सात पानांच्या हुकुमात खेळताना चौकट कापायची ती तुझ्या बाजूने, म्हणजे जिकडे हुकूम कमी तिकडून, आणि तिथे कापल्याने जास्तीचे हात मिळतात. लांब बाजूने कापलं तर तसा फायदा होत नाही, उलट हुकूमच संपतात. याच पानांत चौकटीची दोन आणि किलवरची तीन असती तर मी १ नोट्रम्प म्हटलं असतं.

पार्टनरशी आधी बोलून घे मात्र. सपोर्ट कधीकधी तीन पानांवर येतो हे त्याला माहीत पाहिजे, नाहीतर तो चार धरूनच पुढे जाईल. चार पानं असतात तेव्हा काम सोपं आहे, १५ पर्यंत दोन, १६ ते १८ ला तीन, त्याच्या वर सरळ गेम.

प्रश्न (नागपूरहून एक निवृत्त बँक कर्मचारी): वय ६१, ब्रिज आत्ता शिकतोय. १९ पॉइंट होते, इस्पिक एक्का राणी ६, बदाम राजा ५, चौकट एक्का गुलाम ८, किलवर राजा राणी ९ ७ २. १ किलवर, १ बदाम, मग मी ३ नोट्रम्प. पार्टनरचे सहा बदाम होते तरी तो गप्प बसला. आणि या वयात शिकून काही होतं का हेही सांगा.

उत्तर: साहेब, इथे २ नोट्रम्प, म्हणजे १८-१९ बॅलन्स्ड. ३ नोट्रम्पची थेट उडी बरेचजण एका लांब, सलग चालणाऱ्या मायनरसाठी (किलवर किंवा चौकट) राखून ठेवतात, तुमच्या पार्टनरने तेच समजून तोंड मिटलं असणार. २ नोट्रम्प म्हटलं की त्याला एक अख्खी लेव्हल मिळते, सहा बदाम आहेत हे सांगून तो ४ बदामला नेऊ शकतो. आपल्याकडे पॉइंट जास्त आले की घाई होते, पण जागा राखायची ती अशाच वेळी.

वयाचं म्हणाल तर २०१८ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये ब्रिज पहिल्यांदा आलं आणि पुरुषांच्या जोड्यांमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला गोल्ड मिळवून दिलं, बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते. ते आयुष्यभर खेळत आले होते हे खरं, पण साठीत डोकं तेवढं चालतं हे तर त्यावरून कळतंच. या, जरूर खेळा.

प्रश्न (मडगावहून एक वाचक): मी ओपनर नव्हते, माझीच दुसरी बिड अडली. पार्टनर १ बदाम, मी १ इस्पिक, पार्टनर २ किलवर. माझ्याकडे इस्पिक एक्का राणी ८ ५ ४, बदाम राजा ६, चौकट ७ ५ ३, किलवर राजा गुलाम ८. १३ पॉइंट, गेम तर दिसत होता, म्हणून ३ नोट्रम्प. समोरच्यांनी चौकटीचे पहिले पाच हात घेतले आणि वर किलवरचा एक्का.

उत्तर: तीन रंग म्हणून झाले, राहिली ती चौकट, आणि तुमच्याकडे नेमकी तिचीच अडवणूक नाही. अशा वेळी २ चौकट म्हणा. याला फोर्थ सूट फोर्सिंग म्हणतात. मला चौकट आहे असा त्याचा अर्थच नाही, अर्थ असा की माझ्याकडे गेमएवढे पॉइंट आहेत, पण कुठल्या गेमला जायचं ते कळत नाही, तुझ्या पानांबद्दल अजून काहीतरी सांग. पार्टनरकडे चौकटीचा स्टॉपर, म्हणजे अडवणूक, असला तर तो नोट्रम्प म्हणेल, तीन इस्पिक असले तर इस्पिक म्हणेल, यातलं काहीच नसलं तर बदाम परत म्हणेल.

तुम्ही पार्टनरची पानंही कळवलीत ते बरं केलंत, इस्पिक राजा ३, बदाम एक्का राणी गुलाम ९ ५, चौकट ६ ४, किलवर राणी ९ ७ २. तो २ बदाम म्हणाला असता. मघाशी त्या पुण्याच्या मुलाला मी सांगितलं की परत म्हटलेला रंग सहा पानांचा, पण इथे तसं नाही, कारण तुम्ही त्याला बोलायला भाग पाडलंय आणि त्याच्याकडे दुसरं सांगण्यासारखं काही नाही. चौकटीचा स्टॉपर त्याच्याकडेही नाही हे तुम्हाला तिथेच कळलं असतं, आणि बदामाच्या राजासकट दोन पानं घेऊन तुम्ही ४ बदामला गेला असतात. चौकटीचे दोन आणि किलवरचा एक्का, एवढे तीन हात देऊन गेम होण्याची चांगलीच शक्यता होती.

ही बिड खेळायची तर आधी पार्टनरशी ठरवून घ्या, नाहीतर तो २ चौकट खरी समजून पास म्हणेल आणि पाच पानांच्या हुकुमात आठ हात करत बसावं लागेल. आणि कृत्रिम बिड आहे, तेव्हा तुमच्या क्लबच्या नियमाप्रमाणे अलर्टचं (समोरच्यांना सावध करणारं) कार्ड दाखवायला पार्टनरला सांगून ठेवा.