पॅरिसला नुसता ढोंगी करू नकोस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

'द क्रुसिबल' नाटकात तुझ्या वाट्याला रेव्हरंड पॅरिस आला आणि तू हिरमुसलास, हे पत्रावरून कळलं. तुला नायक जॉन प्रॉक्टर हवा होता. तुझ्या वयात कुणालाही तोच हवा असतो. पण पुढे तू लिहिलंयस की पॅरिस लोभी, भित्रा, ढोंगी पाद्री आहे, तेव्हा तसाच ठोकून काढतो. तेवढं मात्र करू नकोस. त्यासाठीच लिहायला बसलोय.

सतराव्या शतकात अमेरिकेतल्या सेलममध्ये चाललेल्या चेटकाच्या खटल्यांवरचं आर्थर मिलरचं हे नाटक १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलं. संहितेतल्या टिपणात मिलरनेच म्हटलंय की या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं फारसं काही नाही. तू ते वाचलंस आणि तिथेच थांबलास, असं मला वाटतं. मिलरचं मत मिलरपाशी राहू दे. आपला ढोंगीपणा माहीत असलेला पॅरिस रंगमंचावर दहा मिनिटांत संपतो. स्वतःला मनापासून प्रामाणिक समजणारा पॅरिस चारही अंक टिकतो, आणि प्रेक्षकाला त्याची भीती वाटते.

सुरुवातच बघ. १६९२चा वसंत ऋतू, मॅसॅच्युसेट्समधलं सेलम. पॅरिसची मुलगी बेट्टी अंथरुणावर निपचित पडली आहे आणि बाप गुडघे टेकून रडतोय. हे रडणं खरं आहे. त्यात एक अश्रूही नाटकी आणू नकोस. मग अ‍ॅबिगेल ही त्याची भाची येते, खाली दिवाणखान्यात माणसं जमलीत, गावात चेटकाची बोलवा उठली आहे असं सांगते. मुलींना रानात नाचताना पॅरिसने पाहिलेलं असतं, म्हणून तो तिची उलटतपासणी सुरू करतो. रानात काय केलंत? कोण नाचत होतं? गवतावर पडलेला तो कपडा कुणाचा? आणि बोलता बोलता विषय येतो त्याच्या शत्रूंवर: मला धर्मपीठावरून खाली खेचायला एक गट टपलेला आहे, त्यांच्या हाती हे लागण्याआधी मला खरं काय ते कळलंच पाहिजे.

बहुतेक नट या वळणावर थांबतात. नजर बदलतात, आवाज खाली आणतात. प्रेक्षकाला कळतं, अच्छा, याला पोरीची काळजी नाही, खुर्चीची आहे. तू थांबू नकोस. पोरीचं आजारपण आणि स्वतःची अब्रू ही दोन वाक्यं एकाच श्वासात घे, कारण पॅरिसच्या मनात त्या दोन गोष्टी नाहीतच. पोरगी आजारी पडली म्हणजे आपल्यावर बोट उठणार, एवढंच त्याला कळतं. ही गल्लत त्याला दिसत नाही. प्रेक्षकाला ती दिसली पाहिजे, आणि दाखवतोय कोण हे मात्र दिसता कामा नये.

त्याच अंकातला लाकडांचा प्रसंग तर मला साऱ्या भूमिकेचं मर्म वाटतो. पगार साठ की सहासष्ट पौंड, वरचे सहा पौंड सरपणासाठी की पगारातलेच, घराचं खरेदीखत माझ्या नावावर का नाही, असा कडाक्याचा वाद प्रॉक्टर आणि म्हातारा शेतकरी जाइल्स कोरी यांच्याशी होतो. मी हार्वर्डचा पदवीधर आहे, बार्बाडोसमधला चालता धंदा सोडून देवाच्या सेवेला आलोय, असं तो ठणकावून सांगतो. हे सगळं कुठे चाललंय, ते लक्षात घे. त्याच खोलीत, आजारी पोरीच्या उशापायथ्याशी! नेपथ्यात पलंग मध्यावर असेल तर फार बरं. वाद करताना तुझी पाठ पलंगाकडे होऊ दे. मुद्दाम वळवू नकोस, प्रॉक्टरच्या अंगावर जाताना आपोआप होईल. एवढी एक हालचाल साधली की शब्दांवर जोर द्यावा लागणार नाही.

खऱ्या सॅम्युएल पॅरिसविषयी थोडं वाचून ठेव. त्याचा जन्म १६५३चा, लंडनमधला. हार्वर्डचं शिक्षण त्याने अर्धवट सोडलं होतं, म्हणजे नाटकातली ती पदवी त्याच्याकडे नव्हती. बार्बाडोस आणि बोस्टनमध्ये व्यापार करून झाला आणि १६८९ साली तो सेलम गावाचा धर्मगुरू झाला. ठरलेला पगार सहासष्ट पौंड, त्यातला एक तृतीयांश रोख आणि बाकी धान्यसामानात. ऑक्टोबर १६९१मध्ये गावाची नवी समिती निवडून आली आणि तिने त्याच्या पगारासाठी कर गोळा करायला नकार दिला. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याची नऊ वर्षांची मुलगी आणि भाची यांना झटके येऊ लागले. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणत नाही. पण त्या घरात त्या महिन्यांत जेवताना काय बोलणं होत असेल, ते नटाने मनात आणायला हवं.

आणखी एक गोष्ट. त्याच गावाचा आधीचा एक धर्मगुरू, जॉर्ज बरोज. त्याचाही पगार गावाने थकवला होता. त्याला १९ ऑगस्ट १६९२ रोजी चेटकाच्या आरोपावरून फाशी दिलं, त्याच दिवशी खऱ्या जॉन प्रॉक्टरलाही. हे गाव पाद्र्याचं काय करू शकतं, हे पॅरिसला पुरतं ठाऊक होतं.

त्याची भीती खरी म्हणून त्याची कृत्यं सौम्य होत नाहीत, हेही सांभाळ. कबूल हो, नाहीतर मरेस्तोवर चाबकाने फोडीन, असं तो टिटुबाला म्हणतो. टिटुबा त्याची गुलाम आहे. कुणीतरी दोषी सापडलं की आपलं घर सुटलं, हे त्याला त्या क्षणी उमगतं. हे वाक्य ओरडून वाया घालवू नकोस. त्याला सुटकेचा रस्ता दिसलाय. आवाजात तो दिलासा येऊ दे.

आपल्या प्रेक्षकाचाही विचार कर. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या त्याने वाचल्या आहेत. डॉ. दाभोलकरांची हत्या आणि त्यानंतर २०१३ सालीच आलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याला माहीत आहे. तो सेलममध्ये भगत शोधेल. पॅरिस भगत नाही. तो गावातला शिकलेला, पगारी, प्रतिष्ठित माणूस आहे, ज्याच्या एका 'थांबा'ने निदान सुरुवात तरी अडली असती. असा माणूस आपल्या प्रेक्षकाच्या ओळखीचा असतो, आणि म्हणूनच तुझ्या भूमिकेला वजन आहे.

तिसऱ्या अंकात तुला बोलायला कमी आणि मध्ये पडायला जास्त आहे. आरोपींच्या बाजूने आलेला प्रत्येक अर्ज त्याला न्यायालयावरचा हल्ला वाटतो. एक जागा मात्र पक्की धर: मुलींना विवस्त्र पाहिलं का, यावर तो सांगतो की तसं कधी आढळलं नाही. पहिल्या अंकात त्यानेच अ‍ॅबिगेलला झाडांतून कुणीतरी विवस्त्र पळताना दिसल्याचं सांगितलेलं असतं. हे त्याचं उघड खोटं, आणि तेही न्यायासनासमोर. इथे न्यायाधीश डॅनफोर्थकडे बघ, प्रॉक्टरकडे नको.

चौथा अंक सगळ्यात अवघड. अ‍ॅबिगेल त्याची तिजोरी फोडून एकतीस पौंड घेऊन पळाली आहे. त्याने घराचं दार उघडताना, धमकी म्हणून कुणी ठेवलेला सुरा खाली पडला आहे. हा माणूस रडतो, आणि फाशी पुढे ढकला म्हणून विनवतो. गावाने मानलेली म्हातारी रिबेका नर्स आणि प्रॉक्टर यांना लटकवलं तर गाव उठेल, असं त्याचं म्हणणं. साऱ्या नाटकात न्यायालयाने ऐकावं असं तो पहिल्यांदा बोलतोय, आणि आता कुणी ऐकत नाही. कारण मात्र अजूनही त्याचा स्वतःचा जीव आहे. त्याला पश्चात्ताप झालाय असं वाटून आवाज जड करण्याचा मोह होईल. तो आवर. पैसे गेल्याचं दुःख, सुऱ्याची धास्ती आणि ती रास्त मागणी, सगळं एकातएक गुंतलेलं राहू दे. तुझ्याकडून मी सगळ्यात जास्त अपेक्षा इथे ठेवतो.

नाटकाच्या शेवटच्या टिपणात पॅरिसला गावाने काढलं आणि तो चालता झाला, पुन्हा त्याचं नाव ऐकू आलं नाही, असं आहे. खरा पॅरिस थकबाकीसाठी भांडत १६९७पर्यंत तिथेच होता आणि पुढे १७२०मध्ये सडबरीला वारला. एवढी वर्षं त्या लोकांच्या नजरा झेलत राहणारा माणूस नुसता भेकड नसतो. तो चिवटपणा पहिल्या अंकापासून कण्यात ठेव.

तालमीत आधी लाकडांचा प्रसंग उभा कर, मग चौथा अंक, बाकीचं नंतर. टिटुबा करणाऱ्या मुलीशी चाबकाच्या वाक्याबद्दल आधी बोलून घे, तिला तालमीत अचानक तोंड द्यावं लागू नये. आणि पाठांतर झालं की कळव, मी एक तालीम बघायला येतो.

तुझा,
सर