‘समकक्ष’ पॉवर सप्लाय : कंपनी देईल तो घ्यायचा, की आपण निवडायचा?

प्रश्न : गेमिंगसाठी दुकानातून जोडून घेतलेल्या माझ्या संगणकाचा ८५० वॅटचा पॉवर सप्लाय (संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) तिसऱ्याच वर्षी, गेम चालू असताना, जळका वास येऊन बंद पडला. त्याची वॉरंटी १० वर्षांची आहे. सेवा केंद्र म्हणतं, ते मॉडेल आता निघत नाही. ‘समकक्ष’ म्हणून दुसऱ्या मालिकेतला ७५० वॅटचा घ्या. सोबत ग्राफिक्स कार्डही गेलं. पण ‘आनुषंगिक नुकसानीची’, म्हणजे बिघाडामुळे इतर वस्तूंचं जे नुकसान होईल त्याची, ‘जबाबदारी आमची नाही’ असं वॉरंटी कार्डावर छापलेलं आहे. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवून मोकळा. बदली नाकारून मी स्वतःच खात्रीचा पॉवर सप्लाय घेतला आणि त्याचे पैसे मागितले तर चालेल का? खेळाचं थेट प्रक्षेपण करून मला थोडी कमाई होते, ते आड येईल का?

उत्तर : जळालेला पॉवर सप्लाय अजून तुमच्याकडे असेल, तर तो आज कुणाच्याही हवाली करू नका. वॉरंटीत बदलून घेताना जुनी वस्तू कंपनीकडे जाते आणि सहसा परत येत नाही. तुमच्या ग्राफिक्स कार्डाच्या दाव्याचा सगळा पुरावा मात्र त्या डब्यात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार ग्राहक तक्रार आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. वस्तूच गेली तर तपासायचं काय? लेबल, अनुक्रमांक, सगळे कनेक्टर, केबलींची दोन्ही टोकं आणि कार्डावरची जोडणीची जागा यांचे स्पष्ट फोटो काढा. स्वतंत्र तंत्रज्ञाकडून सही-तारखेसह लेखी अहवाल घ्या. पॉवर सप्लाय उघडू मात्र नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विजेचा धोकादायक दाब (व्होल्टेज) शिल्लक राहू शकतो, आणि सील तुटलं की कंपनीला आयतं कारण मिळतं. वस्तू द्यावीच लागली तर अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्या आणि तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहा : ‘बदली फक्त पॉवर सप्लायपुरती स्वीकारत आहे, ग्राफिक्स कार्डाच्या नुकसानभरपाईचा हक्क राखून.’ ‘तक्रार पूर्णपणे मिटली’ अशा छापील वाक्याखाली सही केलीत, तर पुढचं भांडण निम्मं तिथेच हरलात.

आता ‘समकक्ष’ म्हणजे काय ते पाहू. वॉरंटीच्या अटींत ‘तेच किंवा समकक्ष मॉडेल’ देण्याची मुभा कंपनीने बहुधा ठेवलेली असते आणि ती गैर नाही. पण समकक्ष कशाला म्हणायचं हे एकटी कंपनी ठरवू शकत नाही. कलम ३९ खाली आयोग दोष काढून द्यायला, तशाच वर्णनाची दोषमुक्त नवी वस्तू द्यायला किंवा किंमत परत करायला सांगू शकतो. ८५० च्या जागी ७५० हे ‘तशाच वर्णनाचं’ नव्हे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरी नुसत्या वॅटवर अडून बसू नका. खरी ताकद सप्लायमधून निघणाऱ्या १२ व्होल्टच्या लाइनवर असते, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तिच्यावरच चालतात. पूर्ण ८५० वॅट त्या लाइनवर मिळत असतील तर लेबलवर सुमारे ७० अँपिअर दिसतील, ७५० ला साधारण ६२. एकूण आकडा मोठा आणि १२ व्होल्टच्या रकान्यातला आकडा लहान, असं लेबल दिसलं तर ती वस्तू घेऊ नका.

दुकानात सगळ्यात मोठ्या अक्षरांत दिसतो तो ८० प्लसचा शिक्का. गोल्ड असो की प्लॅटिनम, तो फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते आणि किती उष्णतेत जाते. दाब वाढला, शॉर्ट झालं, भार मर्यादेबाहेर गेला, तर सप्लाय वेळेत बंद पडेल का, याबद्दल तो शिक्का काहीही बोलत नाही. तुमचं कार्ड वाचवायला हवं होतं ते या संरक्षणांनी. म्हणून कंपनीला लेखी विचारा : देऊ केलेल्या मॉडेलमध्ये अतिदाब, अतिप्रवाह, अतिभार, शॉर्टसर्किट आणि अतिउष्णता यांपासून संरक्षण आहे का? एटीएक्स ३.० किंवा ३.१ हे पॉवर सप्लायचं मानक ते पाळतं का? ही मानकं २०२२ पासून आली. आधुनिक कार्ड क्षणभर नेहमीच्या दोन-तीन पटींपर्यंत वीज ओढतात, ते झटके सोसण्याची अट त्यांत आहे. कार्डाला लागणारा कनेक्टर मूळचाच आहे की मध्ये अडॅप्टर लावावा लागेल? उरलेल्या वर्षांची वॉरंटी नव्या वस्तूला लागू राहील का? या प्रश्नांना कंपनीने उत्तर दिलं तर तुलना हातात आली, आणि नाही दिलं तर ते मौनही आयोगापुढे ठेवता येतं.

उलट बाजूही सांगतो. कंपनीने उद्या ८५० वॅटचाच, नव्या मानकाचा, तितक्याच किंवा वरच्या दर्जाचा पॉवर सप्लाय देऊ केला, तर ‘मला जुनंच मॉडेल हवं’ हा हट्ट सोडा. असा हट्ट आयोगाच्या मनात तक्रारदाराविषयी चांगलं मत तयार करत नाही.

स्वतः विकत घेऊन पैसे मागता येतील का? येतील, पण क्रम चुकवू नका. आधी लेखी नोटीस, वाजवी मुदत, आणि त्यानंतर खरेदी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते हेही पाहिलं जातं. त्यामुळे त्याच दर्जाचा बदली पॉवर सप्लाय घेणं हे शहाणपणाचं ठरतं. पण ८५० वॅटच्या गोल्डच्या जागी १२०० वॅटचा, आणखी वरच्या टायटॅनियम शिक्क्याचा घेतलात तर वरचा फरक तुमच्या खिशातून. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. लेबलवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

खरेदी करताना, किंवा बदली जोडून घेताना, एक गोष्ट कटाक्षाने सांभाळा. जुन्या सप्लायच्या केबली नव्याला लावायच्या नाहीत, कंपनी तीच असली तरी. सुट्या केबलींच्या संगणकाकडच्या टोकाला ठरलेलं मानक असतं. पॉवर सप्लायकडच्या टोकाला नसतं. प्लग चपखल बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क किंवा एसएसडी जळते. केबिनेटमधली सुबक मांडणी मोडू नये म्हणून तंत्रज्ञ हा मोह करतात, तेव्हा समोर उभे राहा. कायद्याच्या दृष्टीने याचं महत्त्व मोठं आहे. वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झालेला असेल, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८७ नुसार विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या भरपाईचा, दावा चालत नाही, आणि उत्पादकही तोच बचाव पुढे करतो. तुमच्या जळालेल्या सप्लायला कोणत्या केबली होत्या, हे मला पत्रातून कळत नाही. सप्लायसोबत खोक्यात आलेल्याच असतील तर तुमची बाजू भक्कम. दुकानदाराने दुसऱ्या लावल्या असतील, तर जोडणीत वाजवी काळजी घेतली नाही म्हणून कलम ८६ खाली तो स्वतःच अडकतो. तुम्ही लावल्या असतील तर मग कार्डाचा दावा विसरलेला बरा.

कार्डाकडे वळण्याआधी त्याची स्वतःची वॉरंटी तपासा. शिल्लक असेल तर तिथे आधी दाद मागा. ‘बिघाड बाहेरच्या विजेमुळे’ असं लिहून नकार आला, तरी तो कागद पॉवर सप्लायविरुद्ध तुमच्याच कामी येईल. कायद्यातली ‘हानी’ची व्याख्या, कलम २(२२), दोन अंगांनी पाहावी लागते. सदोष वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेचं झालेलं नुकसान तिच्यात येतं. खुद्द त्या वस्तूचं नुकसान, वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेलं मालमत्तेचं नुकसान आणि व्यापारी वा आर्थिक तोटा येत नाही. म्हणून सप्लायची बदली वॉरंटी आणि वस्तूतील दोष या मुद्द्यांवर मागा, कार्डाची भरपाई निर्मितीतल्या वा रचनेतल्या दोषावर, म्हणजे कलम ८३ आणि ८४ खालच्या उत्पादन दायित्वावर. एकाच तक्रारीत दोन्ही मागण्या ठेवा, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत. बुडालेल्या प्रक्षेपणाच्या कमाईवर या मार्गाने आशा ठेवू नका.

‘आनुषंगिक नुकसान नाही’ ही छापील ओळ माझ्या मते कायद्याने दिलेलं हे दायित्व पुसू शकत नाही. मात्र ती अट अनुचित म्हणून रद्दच करून मागायची असेल तर ते अधिकार राज्य आयोगाला आहेत. जिल्हा आयोगापुढे ती मागणी करून वेळ घालवू नका.

‘आम्ही बनवत नाही, फक्त आमचं नाव लावतो’ असं उत्तर आलं तर गोंधळू नका. या धंद्यात अनेक नामांकित ब्रँडचे पॉवर सप्लाय दुसऱ्याच कारखान्यात तयार होतात. कायद्याने ते आधीच हेरलं आहे : दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचं चिन्ह लावणारा हाही कलम २(३६) नुसार उत्पादकच. कंपनीने त्या मॉडेलबद्दल काही सूचना काढली होती का, तेही शोधा. २०२१ मध्ये गिगाबाइटने आपल्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या मॉडेलांच्या ठरावीक अनुक्रमांकांसाठी बदली देऊ केली होती आणि अतिभार संरक्षणाची मर्यादा खाली आणली होती. अशी सूचना हाती लागली तर दोष सिद्ध करण्याचं ओझं बरंच हलकं होतं.

थेट प्रक्षेपणाच्या कमाईने सहसा बिघडत नाही. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूवर ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही हे खरं. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी केलेला वापर कायद्याने त्यातून वगळला आहे, आणि छंदासाठी घेतलेल्या संगणकावर चार पैसे मिळाले म्हणून तो दुकान होत नाही. बिल एखाद्या फर्मच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह केलेलं असेल तर मात्र कंपनी तो मुद्दा नक्की उचलेल.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरूनही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील हवाच असंही नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवून पाहा. अनेक कंपन्या तिथेच नमतात. दाव्याची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं आहे, आणि सेवा केंद्राशी ई-मेल खेळत बसल्याने ती वाढत नाही. तेव्हा वरच्या प्रश्नांसह १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस या आठवड्यातच कंपनी आणि दुकानदार दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा, आणि तीच ई-मेलनेही.