पर्यवेक्षक स्वतः कामात रमलेला असेल, तर तो हाताखालच्या लोकांना अधिक आधार देतो का?

बहुतांशी होय, पण आपोआप नव्हे. अमेरिकी संघटन-मानसशास्त्रज्ञ विल्यम कान यांनी १९९० साली कामात मनापासून गुंतण्याची संकल्पना मांडली, तेव्हा परिणामांची भीती न बाळगता मोकळेपणाने वागता येणे ही तिची एक अट सांगितली होती, आणि तेवढी निर्धास्तता बहुधा वरिष्ठाच्या वागण्यावरच ठरते. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आमचे सुपरवायझर जेवणाच्या सुट्टीत लेथपाशी थांबून नव्या मुलाला मायक्रोमीटर (अगदी बारीक मापे घेण्याचे साधन) कसा धरायचा ते दाखवत. कामात रस नसलेला माणूस सुट्टी अशी घालवत नाही. याउलट, कामात इतके बुडालेले साहेबही मी पाहिले, की ते शिकवण्याऐवजी सगळे स्वतःच उरकून टाकत. शिवाय वरून उत्पादनाचा तगादा वाढला, की पहिली कात्री शिकवण्याच्या वेळेलाच लागते.