समासात लिहिलेलं

या महिन्यातले सगळे प्रश्न वाचनाविषयी आहेत. उत्तरं देणारी बाई तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकते. छत्तीस वर्षं प्रूफं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, आणि घरी आल्यावर विश्रांती म्हणून पुन्हा वाचतच बसले. घरच्यांनी या प्रकाराला वेळोवेळी नावं ठेवली. त्यातलं एकही छापण्याजोगं नाही.

प्रश्न : मी फार हळू वाचतो. मित्र आठवड्याला दोन पुस्तकं संपवतात, मला एकाला महिना लागतो. वेगवाचनाचा वर्ग लावावा का?

पैसे वाचवा. डोळा ओळीवरून घरंगळत जातो असं आपल्याला वाटतं, पण तो जातो उड्या मारत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एमिल जाव्हाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत हे ध्यानात आलं. उडी, थांबा, पुन्हा उडी. एकेक थांबा साधारण पाव सेकंदाचा, आणि जे काही वाचून होतं ते त्या थांब्यात. उडीच्या वेळी डोळा जवळजवळ आंधळाच असतो. शिवाय एका थांब्यात स्वच्छ दिसतो तो मधला एखाद-दुसरा शब्द, बाकीची ओळ धूसर. एवढ्या भांडवलावर किती पळणार? इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांचा मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २४० शब्दांच्या आसपास भरतो. त्याच्या चौपट वेगानं वाचतो म्हणणारा माणूस वाचत नसतो, चाळत असतो. चाळणं वाईट नाही. मीही चाळते, पण वहीत तशी नोंद करते.

माझं तर सगळं आयुष्यच हळू वाचण्यात गेलं. सुरुवातीला आम्ही दोघी मिळून प्रूफ पाहायचो. एकीनं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, तेही विरामचिन्हांसकट, आणि दुसरीनं ओळीखाली पट्टी धरून छापलेलं बघायचं. ‘ती म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम अवतरण पूर्ण.’ कितीही हृदयद्रावक प्रसंग असला तरी असा वाचल्यावर रडू येत नाही. फार तर हसू येतं आणि वरचे साहेब दारात येऊन उभे राहतात.

ती सवय अजून अंगात आहे. नवं पुस्तक घेतलं की पहिली दहा-पंधरा पानं मी नोकरीवर असते. वेलांट्या दिसतात, जोडाक्षरं दिसतात, एका ओळीवर एकटाच लोंबकळणारा परिच्छेदाचा शेवटचा शब्द दिसतो. मग कधीतरी ऱ्हस्व-दीर्घ दिसेनासे होतात. ज्या पानावर ते दिसेनासे झाले त्या पानाचा आकडा मी मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवते. पुस्तकं जोखायला माझ्यापाशी याहून बरं माप नाही. सातव्या पानाचं पुस्तक आणि नव्वदाव्या पानाचं पुस्तक यांत फरक असतो. काहींच्या मागे आकडाच नाही.

तुमच्या मित्रांची दोन पुस्तकं आणि तुमचं एक, हा हिशेबच मला कळला नाही. शर्यत कुणी लावली आहे?

प्रश्न : वय बावन्न. हजारभर पुस्तकं वाचली असतील, पण कुणी विचारलं तर धड कथानकही सांगता येत नाही. मग इतकं वाचून मिळवलं काय?

तुमचं पत्र आलं त्या रात्री मी माझी वही काढून बसले. चाळीसेक वर्षांची सवय आहे : तारीख, पुस्तकाचं नाव आणि एक ओळ. एकच. परीक्षण नाही, गुण नाहीत. वाचत गेले तर निम्म्या नोंदी अशा, की नाव बघून काही म्हणजे काही आठवेना. अक्षर माझं, शाई माझी, आणि पुस्तक परक्याचं.

तेव्हा तुम्ही एकटे नाही. हर्मान एबिंगहाउस नावाचे एक जर्मन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी अर्थहीन अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, तासाभरात निम्म्याहून जास्त जातं आणि पुढे गळती मंदावते, एवढं सगळे सांगतात. पण त्यांनी हे मोजलं कसं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. विसरलेली यादी त्यांनी पुन्हा पाठ केली आणि या खेपेला किती वेळ कमी लागला ते पाहिलं. वेळ वाचत होता! मनाला साफ पुसली गेलेली वाटणारी गोष्टही दुसऱ्या खेपेला लवकर पाठ होत होती. म्हणजे घर रिकामं झालं तरी भिंतीवर खिळे राहिले होते.

आता माझे खिळे सांगते. एक कादंबरी मी विशीत वाचली होती. कथानक विसरले, पात्रांची नावं विसरले, पण शेवट पक्का आठवत होता : धो धो पाऊस आणि बंद दाराबाहेर उभा असलेला माणूस. पुढे तीस वर्षं मी लोकांना सांगत होते, शेवट वाचा, काय पाऊस आहे! एकदा तर एका नवख्या लेखकाला, पाऊस कसा लिहावा ते यातून शिका, असंही बजावलं. साठी उलटल्यावर ती पुन्हा हाती घेतली. शेवट आला. रखरखीत दुपार, माणूस अंगणात बसलेला, दार सताड उघडं. आवृत्ती बदलली असेल म्हणून आधीची शोधली, तीही तशीच.

मग वही उघडली. तारखेपुढे लिहिलं होतं : ‘संपली. बाहेर धो धो, दिवे गेलेले. शेवटची वीस पानं खिडकीत उभ्यानं.’

पाऊस माझ्या खिडकीबाहेरचा होता. दाराबाहेर उभा असलेला माणूस कुठून आला, ते अजून कळलेलं नाही. कदाचित मीच असेन, खिडकीत उभी असलेली. त्या नवख्या लेखकाचं काय झालं असेल याची मात्र मधूनमधून काळजी वाटते.

लक्षात राहावंच अशी इच्छा असेल तर एक उपाय आहे. २००६ साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी कागद मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा पारडं फिरलं होतं, लिहून काढणाऱ्यांच्या ध्यानात जास्त उरलं होतं. तेव्हा पुस्तक संपलं की ते मिटा आणि न उघडता एक ओळ लिहा. चुकली तर चुकू द्या. माझ्या वहीतल्या सगळ्यांत चांगल्या ओळी चुकीच्याच आहेत.

प्रश्न : विकत घेतलेली पण न वाचलेली पुस्तकं वाढतच चालली आहेत. अपराधी वाटतं.

जपानी लोकांकडे यासाठी ‘त्सुंदोकु’ असा आयता शब्द आहे, म्हणजे पुस्तकं घ्यायची आणि रचून ठेवायची. एका सबंध भाषेला शब्द लागला, तेव्हा तुम्ही फार मोठा गुन्हा केलेला नाही. कंटाळवाणं पुस्तक अर्ध्यावर सोडू का, असं विचारणारी चार पत्रं आहेत. त्यांनाही इथेच सांगते : सोडा. मी पगारापोटी शेवटच्या पानापर्यंत वाचलेली कंटाळवाणी पुस्तकं तुम्हा सगळ्यांच्या वाटची आहेत.

प्रश्न : जुन्या पुस्तकांची पानं पिवळी पडून तुकडे पडताहेत, काहींना कसर लागली आहे. काय करावं?

पिवळेपणा तुमच्या हलगर्जीपणाचा नाही, निदान सगळा नाही. पूर्वी कागद चिंध्यांपासून होई. त्यातली काही पुस्तकं चारशे वर्षांनंतरही उजळ आहेत. एकोणिसाव्या शतकात मागणी वाढली आणि लाकडाचा लगदा आला. लाकडात लिग्निन नावाचं द्रव्य असतं, ते उजेड-हवेनं काळवंडतं. शाई फुटू नये म्हणून कागदाला तुरटी आणि राळ लावत, त्यानं आम्ल तयार होतं आणि तंतू आतून तुटत जातात. म्हणून पणजोबांच्या काळातलं पुस्तक वडिलांच्या काळातल्यापेक्षा धडधाकट असू शकतं. पुढे आम्लविरहित कागद रुळला. टिकाऊ कागदाचं आंतरराष्ट्रीय मानक १९९४ साली ठरलं. एखाद्या पुस्तकाच्या मुद्रण-तपशिलाच्या पानावर वर्तुळात आडवा आठ दिसला तर ती टिकाऊ कागदाची खूण. जुन्या पुस्तकांचा जो गोडसर वास आपण डोळे मिटून घेतो, तो बराचसा कागद विघटित होत असल्याचा वास आहे. हे कळल्यावरही मी घेतेच.

कसरीला हवी असते ओल, अंधार आणि खळ. चंदेरी, बिनपंखी किडा. कागदापेक्षा बांधणीतल्या पिठाच्या खळीवर त्याचा डोळा जास्त. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, हवा खेळू द्या. दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक पुस्तक काढून, मिटलेलं तसंच कोरड्या मऊ ब्रशनं वरून झटका आणि मग पानं फडफडवा. कडक उन्हात वाळत घालू नका, पानं आणखी ठिसूळ होतील. डांबराच्या गोळ्यांचा वास पुस्तकाला लागतो तसा तुमच्या फुप्फुसांनाही, तेव्हा त्या नकोत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायचा हात तर तिथेच थांबवा : पट्टी सुकून गळून पडते, तपकिरी डाग कायमचा राहतो.

आणखी एक, हे बांधणी खात्यातल्या एका वयस्कर कारागिरानं मला शिकवलं. फळीवरून पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढायचं नाही. शेजारची दोन्ही पुस्तकं जरा आत ढकलायची, मग मधलं आपोआप पुढे राहतं, ते कंबरेला धरून काढायचं. तोवर मी निदान पाचशे पुस्तकांची डोकी उपटली असतील.

प्रश्न : पडद्यावर वाचलेलं ‘खरं’ वाचन मानावं का? घरात यावरून वाद आहे.

मानावं. माहितीपर मजकूर असेल, त्यातून वेळेची घाई असेल, तर कागदावर वाचलेलं थोडं जास्त कळतं, असं २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं. गोष्टी वाचताना असा फरक आढळला नाही. मी रात्री पडद्यावर वाचते, कारण चाळिशी लागून जमाना झाला आणि तिथे अक्षर हवं तेवढं मोठं होतं. मात्र डाव्या हातातली जाडी वाढत आणि उजव्यातली उतरत जाते, ते तिथे कळत नाही. रहस्यकथा वाचताना ती उणीव सोयीची पडते. घरातल्या वादात मी कुणाच्या बाजूची ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : मैत्रिणींना पुस्तकं दिली की परत येत नाहीत. देणं बंद करावं का?

जुन्या पोथ्या उतरवून काढणारे लोक शेवटी एक संस्कृत श्लोक लिहीत. त्यात पुस्तकच बोलतं : मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये जुने ग्रंथ अजूनही साखळीनं फळीला बांधलेले आहेत. तेव्हा तुमचं दुखणं जुनं आहे.

माझं सांगते. कामावरच्या एका मैत्रिणीनं एक पुस्तक नेलं. आमच्याच छापखान्यातलं, आणि शेवटचं प्रूफ माझ्या हातचं. साधं पुस्तक, पण माझ्या आवडीचं. एक वर्ष गेलं, दोन गेली. मी आडून आडून विचारलं, तिनं ‘देते गं’ म्हटलं. मग तिची बदली झाली आणि मी ते मनातून सोडून दिलं. अकरा वर्षांनी पुठ्ठ्यात बांधून, दोरी मारून पुस्तक घरी आलं. सोबत चिठ्ठी नाही. मी रागानंच उघडलं. बाईनं समासात पेन्सिलीनं बारीक बारीक लिहून ठेवलेलं. एके ठिकाणी ‘हे पटत नाही’, एके ठिकाणी नुसतंच ‘आई’, आणि एका पानावर आख्खा परिच्छेद उभ्या रेघेनं अडवलेला, ज्यावरून माझी नजर दोन्ही वेळा सरळ पुढे गेली होती. मी तो तिथेच उभ्यानं वाचला. चांगला होता.

पुढे १४३व्या पानावर एका शब्दाभोवती गोल. छापलं होतं ‘दिनांचा कैवारी’. गोलातून ओढलेली रेघ समासापर्यंत आणलेली, तिथे आमच्या खात्याच्या शिस्तीत, सुवाच्य अक्षरात दुरुस्ती केलेली : ‘दी’. खाली तारीख. पुस्तक नेल्यापासून तिसरा आठवडा. म्हणजे चूक तिला तेव्हाच दिसली होती, आणि पुढे तिची बदली होईपर्यंत आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसून काम केलं तरी ती चकार शब्द बोलली नव्हती.

मी तिला पत्र लिहिलं नाही. दुसरं एक पुस्तक पाठवलं, तेही माझ्याच हातचं. आता आठ वर्षं होतील. मागितलेलं नाही.