५.१ होम थिएटर घूं-घूं करतंय, एका बाजूचा आवाज बंद आहे. घरीच उघडून दुरुस्त करता येईल का?

भाऊ, प्रश्न वाचला. सात-आठ वर्षं जुना सेट, मागच्या उन्हाळ्यापासून घूं असा आवाज, डावीकडचा स्पीकर मुका, कानबाईच्या सणाच्या आत चालू व्हायला पाहिजे कारण त्या रात्री गाणी लागतात, आणि दुकानवाला म्हणतो पंधरा दिवस ठेवून जा. म्हणून तुम्ही विचारताय की आपणच स्क्रू खोलून बसलं तर जमेल का आणि करंट लागू नये म्हणून काय करायचं.

जमतं. पण निम्मं काम डबा न उघडताच होतं, आणि उघडायची वेळ आलीच तर एका गोष्टीला घाबरायचं, बाकी सगळं नंतर.

ती गोष्ट आधी सांगतो. मी भुसावळला एका रिपेअरिंगच्या दुकानात सहा वर्षं काढलीत, आता ठिबकच्या धंद्यात आहे तरी गल्लीतले लोक सेट घेऊन येतातच. दुकानात लागून दोन महिने झाले असतील, मे महिना, वर पत्रा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. एक सेट आला होता पूर्ण डेड, लाइटसुद्धा लागत नव्हता, पिन काढून टेबलावर पडलेला. मी म्हटलं मेलेलाच आहे, हा काय करणार, आणि बोर्ड उचलताना अंगठा खालून मोठ्या कंडेन्सरच्या, म्हणजे चार्ज साठवून ठेवणाऱ्या डबीच्या, कथिलाच्या दोन टाक्यांवर गेला. हात असा मागे फेकला गेला की कोपर लोखंडी रॅकवर आदळलं, अंगठ्यावर तांदळाच्या दाण्याएवढे दोन पांढरे ठिपके. उस्ताद डबा खात होते, घास न थांबवता म्हणाले, "बंद सेटले जास्त भ्यायचं भो."

तेव्हा राग आला होता पण बोलणं शंभर टक्के खरं. आजकालच्या बहुतेक सेटमध्ये एसएमपीएस असतं, म्हणजे घरातला २३० व्होल्टचा एसी आधी सरळ डीसी होतो आणि एका जाड कंडेन्सरमध्ये भरला जातो, तिथे साधारण ३२५ व्होल्ट असतात. आमच्याकडे रात्री शेतातले पंप बंद झाले की व्होल्टेज २६० वर गेलेलं मी मीटरवर पाहिलंय, मग तिथे ३६५ च्या वर. सेट चांगला असला तर पिन काढल्यावर पुढचं सर्किट तो चार्ज खाऊन टाकतं, पण सेट डेड असला की खाणारं कोणीच नाही, तो चार्ज तसाच बसून राहतो. बोर्डावर कधीकधी तो रिकामा करायला रेझिस्टर असतो, कधी नसतो, कधी तोच उडालेला असतो. म्हणजे पिन काढली म्हणून करंट गेला असं धरायचं नाही.

आता डबा बाजूला ठेवा आणि आधी बाहेरचं बघा.

घूं आवाजासाठी सेट बंद करा, मागच्या सगळ्या इनपुट केबल काढा, टीव्हीची, सेटटॉप बॉक्सची, डीव्हीडीची, आणि मग फक्त स्पीकर जोडून चालू करा. आवाज गेला का? गेला तर तुमचा अँप्लिफायर ठीक आहे, लफडं केबलमध्ये आहे नाहीतर अर्थिंगमध्ये. एकेक केबल परत लावत जा, दरवेळी सेट बंद करून, कोणती लावली की घूं सुरू होतं ते सापडेल. गावात केबल टीव्ही असेल तर त्या गोल वायरवर माझा पहिला संशय, ती खांबाखांबावरून कुठून कुठून येते आणि सोबत दुसरीकडचं अर्थिंग घेऊन येते. सेटटॉप बॉक्सच्या मागची ती वायर काढल्याबरोबर आवाज गप्प झाला तर समजून जा.

इनपुट सगळे काढूनही घूं चालूच असेल आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढाच राहत असेल, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कंडेन्सर सुकलेत असं बहुतेक वेळा निघतं. त्यांच्या आत ओलसर द्रव असतो, उष्णतेने तो सुकतो, आणि आमच्यात एक अंदाज चालतो की १० डिग्री गरमी वाढली की कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं. आता जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वर सेट टीव्हीच्या कपाटात बंद, वरून शोभेचा रुमाल टाकलेला, मागे हवा जायला बोटभर जागा नाही. मग मागच्या उन्हाळ्यापासून आवाज येतोय यात नवल काय.

मुक्या बाजूचं सोपं आहे. सेट बंद करून डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायर अदलाबदल करा. आता उजवीकडे लावलेला तोच स्पीकर मुका राहिला तर स्पीकर किंवा त्याची वायर गेली, आणि चांगला स्पीकरही डाव्या खाचेत मुका झाला तर अँपचा तो चॅनल गेला. स्पीकर तपासायला १.५ व्होल्टचा घड्याळाचा सेल पुरतो, वायर अँपमधून काढून दोन टोकं सेलला क्षणभर टेकवा, खर्र-टक आवाज आला तर कॉइल जिवंत. मीटर असेल तर ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो, ८ ओहमचा सहा-साडेसहा, एवढं कमी बघून घाबरू नका, तसंच असतं. वायर पूर्ण हात फिरवून बघा, दिवाणाखालून गेलेली असेल तर उंदराने कुरतडलेली निघते. आणि मागच्या क्लिपमध्ये तांब्याचा एखादा केस बाहेर येऊन शेजारच्या क्लिपला टेकलाय का तेही बघा, मोठे रिसिव्हर तेवढ्याने प्रोटेक्टमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतात, आणि लोक समजतात बठ्ठं जळी गयं, सगळं जळालं.

इथपर्यंत दोष सापडला नाही तर उघडा. वॉरंटी संपलीय ना ते बघून, सात-आठ वर्षात संपलेलीच असते.

पिन भिंतीवरच्या बोर्डातून काढून समोर, आपल्या नजरेला दिसेल अशी ठेवायची. फक्त बटण बंद करून भागवायचं नाही, कारण कितीतरी जुन्या घरात बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं आणि फेज सेटपर्यंत तसाच असतो. कूलर बंद करा, कूलरचं पाणी फरशीवर सांडलेलं असतं ते पुसा, पायात रबरी चप्पल, हात कोरडे, अंगठी-कडं काढून. घामट हाताला करंट जास्त धरतो. झाकण काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, काढल्यावर परत काढा, कोणता जॅक कुठे होता हे रात्री अकरा वाजता आठवत नाही. स्क्रू वाटीत.

आत बघितलं की ओळखा, कापसाच्या गाठीसारखा चौकोनी जड ट्रान्सफॉर्मर आहे का, का एक पातळ बोर्ड आणि त्यावर दंडगोल कंडेन्सर, ज्याच्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलंय. पहिला असेल तर धोका मुख्यतः ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, जिथे मेन्सची, म्हणजे घरातल्या २३० ची वायर, स्विच आणि फ्यूज आहे, पलीकडे १२-०-१२ व्होल्ट वगैरे असतं. दुसरा असेल तर तो दंडगोल आधी रिकामा करायचा. त्यासाठी २ किलोओहम १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना नीट इन्सुलेशनवाल्या वायर आणि क्लिप, एक हात पाठीमागे ठेवून दुसऱ्या हाताने कंडेन्सरच्या दोन पिनांवर दहा सेकंद धरा, मग मीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर लावून बघा, दोन-चार व्होल्टच्या खाली आलं की मगच बोट लावा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे पुष्कळ आहेत, मीही केलंय, ठाण्णकन आवाज होतो, ड्रायव्हरच्या टोकाचा तुकडा उडतो आणि बोर्डाची पट्टीही जाते, कशाला.

मग आधी साफसफाई. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीची पिठासारखी, वर स्वयंपाकघराचा तेलकटपणा बसला की तिचा लेप होतो. रंगाचा कोरडा ब्रश आणि ब्लोअर, पंखा असेल तर त्याचं पातं बोटाने धरून हवा मारायची, नाहीतर तो फिरून बेअरिंग जातं. ओलं फडकं नको. चिकट जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर त्याच्या आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस वेळा फिरवायचं. आणि पाली. पारोळ्याच्या एका गिऱ्हाइकाच्या सेटमध्ये पाल फ्यूजच्या मागे दोन पट्ट्यांवर अशी आडवी वाळून चिकटली होती की बोर्डावर छापल्यासारखी दिसत होती, चिमट्याने काढली, खालचा काळा कोळसा खरवडून साफ केला, फ्यूज बदलला, सेट चालू. कोळसा तसाच ठेवला असता तर त्यातून परत करंट गेला असता.

फ्यूजचं बोलायचं तर काच नीट बघा. तार नुसती मधे तुटलेली असेल तर एखादा झटका असू शकतो. काच काळीकुट्ट किंवा चांदीसारखी झाली असेल तर मागे कडक शॉर्ट आहे, नवा टाकला तर तोही फट्टकन जाईल. गावात न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी चारशेच्या जवळ येतं, तेव्हा फ्यूजशेजारची निळी किंवा पिवळी चकती, एमओव्ही म्हणतात, ती फुटून स्वतः मरते आणि पुढचं वाचवते. ती काढून नवी टाका, तशीच कापून फेकून सेट चालवू नका. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणाऱ्याला मी काही बोलत नाही, पण त्याच्या घरातले पडदे पेटले तर सेटला दोष देऊ नये.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब. साधा तारेचा, ६० किंवा १०० वॅटचा, एलईडी चालत नाही. दुकानात मिळाला नाही तर पोल्ट्रीवाल्याला विचारा, पिल्लांना ऊब द्यायला ते लावतात. सेटच्या फेजची वायर तोडून मधे हा बल्ब जोडायचा, म्हणजे करंट बल्बमधूनच सेटकडे जाईल, जोड उघडे ठेवायचे नाहीत. चालू केल्यावर बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा, काही जळलं नाही. एसएमपीएस सेट कधी बल्बवर चालू-बंद होत राहतो, त्याने घाबरायचं नाही.

आता एक माझीच चूक. शेजाऱ्याच्या सेटचा वूफर जळला होता, मी जळगावहून नवा आणून लावला, चालू केला, दहाव्या सेकंदाला त्याच्यातून धूर. साडेसातशे रुपये माझ्या खिशातून गेले. झालं असं होतं की आउटपुटचा आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, शॉर्ट होऊन स्पीकरवर सरळ डीसी येत होता, १८ व्होल्ट ४ ओहमच्या कॉइलवर म्हणजे ८० वॅटची शेगडी. पहिला वूफरही त्यानेच जळला होता. तेव्हापासून स्पीकर न जोडता आधी आउटपुटवर मीटर डीसीला लावतो, पन्नासेक मिलिव्होल्टपर्यंत ठीक, पूर्ण व्होल्टमध्ये आलं तर स्पीकर लावायचाच नाही. तुमच्या मुक्या चॅनलवर हे करा. आयसी बदलायची वेळ आली आणि तो टीडीए २०३० सारखा निघाला तर त्याच्या पाठीचा पत्रा निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो, मधला अभ्रकाचा तुकडा विसरलात तर हीटसिंकमधून शॉर्ट.

घूंसाठी कंडेन्सर बदलताना मायक्रोफॅरड तेवढाच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीचा मागा, ८५ चा आपल्या उन्हाळ्यात लवकर थकतो. पट्टीची बाजू निगेटिव्ह, उलटा लागला तर फुटतो, म्हणून पहिल्यांदा चालू करताना तोंड वर न्यायचं नाही. कंडेन्सर बदलायच्या आधी भिंग घेऊन टाके बघा, सबवूफरच्या डब्यातला बोर्ड रोज हादरतो, पिनभोवती गोल बारीक चीर दिसली की तो कोरडा टाका, थोडा फ्लक्स आणि नवं कथिल, कितीदा तरी एवढ्यानेच सेट बोलायला लागलाय. खिडकी उघडी ठेवा, कथिलात शिसं असतं, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

बॉडीला हात लावल्यावर झिणझिण होत असेल तर तेही सांगा. दोन पिनच्या एसएमपीएस सेटमध्ये थोडी झिणझिण असते, पण ट्रान्सफॉर्मरवाल्या जड सेटला असेल तर आतलं इन्सुलेशन गेलं असेल, तो चालवू नका. तीन पिनची पिन कापून दोनच्या बोर्डात घातलेली असेल तर आधी ते ठीक करा.

मेन्सच्या बाजूचे आयसी, मॉस्फेट जळालेले दिसले, बोर्डाला भोक पडलं असेल, ट्रान्सफॉर्मरला वार्निशचा वास येत असेल, तर तो सेट दुकानातच द्या, पंधरा दिवस लागले तरी. सेट चालू असताना त्या बाजूला मीटरची टोकं लावून बघायचं काम तुमचं नाही.

आणि लाइट गेलीय म्हणून ही वेळ बरी असं करून उघडायला बसू नका, पिन बोर्डात राहिली आणि तुमचा हात आत असताना लाइट आली की काय होतं ते माझ्या दुसऱ्या उस्तादाने दोन बोटांवर दाखवलंय. केबल काढून घूं राहतं का गेलं, आणि आत ट्रान्सफॉर्मर आहे का पातळ बोर्ड, एवढं कळवा, मग पुढचं सांगतो.